डोळ्याखाली देठ

त्या वर्षी परसातल्या लिंबाला इतकी फुलं आली की शेजारच्या शिंपीणकाकू शिलाईचं मशीन थांबवून कुंपणापाशी आल्या. "अगं, ह्या झाडाला वेड लागलंय की काय?" त्या म्हणाल्या.

"लागू दे की, काकू," लेक म्हणाली. "शहाणं राहून तरी कुणाचं भलं झालंय?"

ती मागच्या दाराच्या पायरीवर, मांडीवर कागद घेऊन बसली होती. छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका शोधणं हा तिचा धंदा. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या ओळींवर लाल शाईच्या खुणा करत आली होती. वर्षभरापूर्वी बाबा दूध गॅसवर ठेवून फिरायला गेले आणि स्वतःच्याच गल्लीत घर शोधत राहिले, तेव्हापासून ती हे काम माहेरच्या ह्या पायरीवर बसून करायची.

बाबा झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. अंगातला स्वेटर उलटा होता. सकाळी तिने दोनदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला. चाळीस वर्षं ह्या माणसाने कलमं बांधली होती. शहराच्या टोकाला त्यांची नर्सरी होती आणि लोक त्यांना नावाने नव्हे, 'कलमवाले' म्हणूनच ओळखायचे. आता नर्सरी त्यांच्या एका जुन्या कामगाराकडे गेली होती. बाबांजवळ उरला होता एक कलमचाकू, मेणाची डबी आणि हे झाड.

झाड मात्र कलमाचं नव्हतं. ते आईचं होतं. तिने स्वयंपाकघरातल्या एका लिंबाची बी फुटक्या कपात टोचली होती, आणि रोप हातभर झाल्यावर कुणाला न विचारता परसात लावून टाकलं होतं. बाबा तेव्हा खूप चिडले होते. "कलमवाल्याच्या घरात बीचं झाड! लोकांना कळलं तर माझ्याकडून कुणी काडी घेणार नाही."

"मग सांगू नका लोकांना," आई म्हणाली होती. "तुमच्या सगळ्या झाडांना पाय एकाचे आणि डोकं दुसऱ्याचं. एक तरी असू दे पायापासून डोक्यापर्यंत एकच."

त्या झाडाने फळ धरायला नऊ वर्षं लावली. नऊही वर्षं बाबा टोमणे मारत राहिले आणि नऊही वर्षं त्याला पाणी घालत राहिले. पहिलं लिंबू आलं तेव्हा आईने ते कापलंच नाही. ते खिडकीत वाळून लाकडासारखं झालं आणि अजूनही तिथेच होतं. आई मात्र दोन वर्षांपूर्वी गेली.

"आईनेच पाठवलीत फुलं," काकू म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून आपल्या मशीनकडे परतल्या.

लेकीला अशी बोलणी आवडायची नाहीत. पण त्या दिवशी तिलाही मनातून बरं वाटलं. घरात वर्षभर जे जे घडलं ते खाली खालीच जाणारं होतं. एवढं एक झाडच काय ते वर चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पडलेल्या पाकळ्या झाडायला ती वाकली आणि तिला खोड दिसलं.

जमिनीपासून वीतभर वर खोडाला एक जाड वळी आली होती, सुजलेल्या बोटात अंगठी रुतावी तशी. वळीच्या वर खोड भरदार होतं. वळीच्या खाली ते अचानक बारीक होत गेलं होतं, जणू वरचं आणि खालचं खोड दोन वेगळ्या वयांची. त्या खाचेतून पत्र्याच्या पट्टीचा कोपरा बाहेर आला होता. पट्टीवर खिळ्याने कोरलेलं आईचं नाव सालीने गिळलं होतं, शेवटचं एक अक्षर तेवढं शिल्लक होतं. पट्टी तारेने बांधलेली होती. तार कुठेच दिसत नव्हती, पण ती कुठे आहे हे लेकीला नेमकं माहीत होतं. तार तिनेच हातात दिली होती.

आईला पोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. बाबा पत्र्याची पट्टी घेऊन परसात आले आणि म्हणाले, "झाडाला नाव पाहिजे. नाहीतर उद्या कुणीही येऊन तोडेल." त्यांनी हात पुढे केला, तिने तार दिली. पुन्हा हात पुढे केला, तिने पक्कड दिली. बाबांनी तार खोडाभोवती घेऊन तीन पिळे मारले, घट्ट. नर्सरीत कुणी असं केलं असतं तर त्याला बाबांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. तार खोडाला कधी नाही, फांदीला, आणि तीही आत बोट फिरेल इतकी सैल. हे तिने शाळेत जायच्या आधी ऐकलेलं होतं. तिच्या जिभेवर ते आलंही होतं. पण ती वेळ चूक काढण्याची नव्हती. उद्या सांगू, असं तिने मनात म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने ती आपल्या कामावर निघून गेली.

झाडू तसाच हातात धरून ती फुलांकडे बघत राहिली. आता तिला त्यांचा अर्थ कळला.

ती दहा वर्षांची असताना बाबांनी नर्सरीत नासपतीच्या एका फांदीची बांगडीएवढी साल गोल काढून दाखवली होती. "बघ हं. मुळं पाणी पाठवतात, ते आतल्या लाकडातून वर जातं. पानं स्वयंपाक करतात, आणि मुळांचा डबा ह्या सालीतून खाली येतो. आता मी डबेवाल्याचा रस्ता तोडला. काय होईल?"

"फांदी मरेल," ती म्हणाली होती.

"चूक. फांदी माजेल! डबा खाली जात नाही म्हटल्यावर सगळं वरच राहणार. फुलं बघ, फळं बघ!"

आणि खरंच, त्या फांदीला सगळ्या झाडात मोठी फळं आली. तिने टाळ्या वाजवल्या होत्या. मग तिने विचारलं, अख्ख्या झाडाचं असं केलं तर? तेव्हा बाबा हसायचे थांबले. "मग वरच्याला काही कळत नाही. ते हिरवंच राहतं. वर्ष, दोन वर्षं. खाली मुळं साठवलेलं खातात, मग स्वतःला खातात, आणि तरी पाणी पाठवत राहतात. शेवटपर्यंत."

तिने पक्कड आणली. तार तुकड्या-तुकड्याने निघाली, प्रत्येक तुकड्याबरोबर काळी पडलेली साल. चार बोटं रुंदीचा पट्टा सगळीकडून मेलेला होता. त्याखाली मात्र नख लावलं तर साल अजून हिरवी निघत होती. म्हणजे अजून वेळ होता. थोडा.

"काय गं ते?" बाबा मागे येऊन उभे होते.

"तार होती, बाबा. खोडाला."

बाबा गुडघ्यावर बसले. त्यांनी त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा असा लालबुंद झाला की तिला वाटलं, आता आठवलं.

"कुठल्या गाढवाने बांधली?"

तिने तारेचे तुकडे मुठीत गोळा केले.

"त्या सुतळीनेच! दुसरं कोण? त्याला अक्कल कधी आली नाही, येणार नाही. बोलव त्याला."

सुतळी म्हणजे तोच जुना कामगार, ज्याच्याकडे नर्सरी गेली. गळ्यात सतत सुतळीचं वेटोळं घालून फिरायचा म्हणून बाबांनी त्याला हे नाव ठेवलं. आता तो पन्नाशीचा होता, हाताखाली सहा माणसं होती, पण बाबांचा निरोप गेला की दुकान सोडून यायचा. तो संध्याकाळी आला. त्याने खोड पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली घेतली.

"तार तू बांधलीस?" बाबा गरजले.

सुतळीने मान खाली घातली. "हो बाबा. चुकलं माझं."

"चुकलं म्हणे! खोडाला तार? बायकोच्या गळ्यात बांधशील अशी तार?"

"नाही बाबा."

"पूल बांधायला हवेत. मी बांधणार. तू हात लावायचा नाहीस. नुसतं बघायचंही नाहीस."

फाटकापाशी सुतळीने तिला हळूच सांगितलं, "पूल बांधले तर वाचेल, ताई. साल आत्ता लाकडापासून सहज सुटते आहे. आठ-दहा दिवसांत व्हायला हवं. जमेल त्यांना?"

"हात अजून चांगले आहेत," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. बाबांना सकाळी काय जेवलो हे आठवायचं नाही, धाकट्या मुलाचा फोन आला की ते त्याला आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायचे. पण बटाटा सोलायला दिला की साल एका अखंड रिबिनीसारखी निघायची. हातांना अजून कुणी काही कळवलेलं नव्हतं.

पुलाचं काम तसं साधं, फक्त नाजूक. झाडाचेच सरळ वाढलेले कोवळे फुटवे कापायचे, पेन्सिलीएवढे जाड. मेलेल्या पट्ट्याच्या खाली आणि वर जिवंत सालीत चिरा घ्यायच्या. फुटव्याची दोन्ही टोकं तासून एक टोक खालच्या चिरेत, दुसरं वरच्या चिरेत सरकवायचं, बारीक खिळ्यांनी ठोकायचं, मेण लावायचं. लागलं, तर वरचा डबा त्या पुलावरून खाली जायला लागतो. नियम एकच. फुटव्याचा जो बुडखा तो खालीच राहिला पाहिजे आणि शेंडा वर. पानं काढून टाकलेल्या काडीत बुडखा-शेंडा ओळखायचा कसा? पानाच्या देठाचा तुकडा काडीवर उरतो, आणि त्या देठाच्या बरोबर वर डोळा असतो, पुढच्या फांदीचा कोंब. डोळ्याखाली देठ. नर्सरीत बाबा नवीन माणसाकडून हे तीन दिवस पाढ्यासारखं म्हणवून घ्यायचे. उलट बसवलेली काडी चार महिने हिरवी दिसू शकते, पण ती काही वाहून नेत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी पाच पूल बांधले. किती दिवसांनी ते कुणी न सांगता अंघोळ करून, स्वेटर सुलटा घालून बाहेर आले होते. ती मेणाची डबी धरून बाजूला उभी राहिली. चाकू चालत होता तसा तो चाळीस वर्षं चालला होता, एक ओढ, एक काप, कापावर सालीचा एक धागाही नाही. काम करताना बाबा बोलत होते. आईबद्दल, कपाबद्दल, नऊ वर्षांबद्दल. सगळं बरोबर, सगळं क्रमाने.

"तिला म्हटलं, बीचं झाड म्हणजे जुगार. ती म्हणते, लग्नाचं काय वेगळं आहे?" आणि ते इतके हसले की चाकू खाली ठेवावा लागला.

तीही हसली. वर्षभरात पहिल्यांदा तिला आपला बाप पूर्ण दिसला. म्हणूनच असेल, तिने काड्यांकडे पाहिलंच नाही. तिने त्यांच्याकडे पाहिलं.

दुपारी बाबा झोपले. ती चहाचा कप घेऊन परसात आली, नुसतं बघायला. आणि वीस वर्षांच्या सवयीने तिच्या डोळ्याला चूक टोचली.

देठ वर होता. डोळा खाली.

तिने दुसरी काडी पाहिली. तिसरी. पाचही उलट्या होत्या. खिळे सरळ, मेण एकसारखं, चिरा इतक्या नेमक्या की त्यात केस मावणार नाही. आणि पाचही उलट्या.

ती कितीतरी वेळ तिथे उकिडवी बसली. चहावर साय धरली. दोन वर्षांपूर्वी ती अशीच गप्प बसली होती आणि त्याचं काय झालं ते तिच्यासमोर होतं. ह्या वेळी गप्प बसायचं नाही, एवढं तिने ठरवलं. पण त्यांना सांगायचंही नाही. ते उठायच्या आत काड्या फिरवायच्या. झालं. त्यांना कळणार नाही, झाड वाचेल, दोघंही वाचतील.

तिला चाकू चालवणं कधीच नीट जमलं नव्हतं. तिने पहिल्या काडीचे खिळे पकडीने उपसले, ती फिरवून टोकं पुन्हा तासली, सरकवली. साल जराशी फाटली, पण बसली. दुसरी अधिक चांगली बसली. तिसरीला तिचं बोट कापलं आणि काडीवर रक्त लागलं, ते तिने ओढणीने पुसलं. तिसरीही बसली. डोळ्याखाली देठ. चौथीचा खिळा ती उपसत होती तेव्हा मागे चपला वाजल्या.

"काय चाललंय?"

तिने पक्कड खाली ठेवली. "काही नाही, बाबा. सैल वाटलं म्हणून..."

बाबा वाकले. एकेक काडी त्यांनी पाहिली. तीन एका दिशेच्या, दोन उलट दिशेच्या. तिसऱ्या काडीवर त्यांनी अंगठा ठेवला, देठावर, मग डोळ्यावर. मग पाचव्या काडीवर, जी त्यांची होती. पुन्हा तिसरीवर. त्यांचे ओठ हलत होते. तिला कळलं, ते पाढा म्हणत होते.

"ह्या वेगळ्या आहेत," ते म्हणाले.

"हो."

"ह्यातलं एक चूक आहे."

तिने कापलेलं बोट मुठीत लपवलं.

बाबांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. गल्लीत घर हरवलं होतं तेव्हाही नाही. त्या दिवशी त्यांचं फक्त घर हरवलं होतं.

"मी उलटं बसवलं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता. "पोरी, खरं सांग. मी काडी उलट बसवली?"

आणि तिला ते जमलं नाही.

"नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर बसवलं होतं. मीच उलटं केलं. मला वाटलं सैल आहे, काढलं, आणि घालताना गोंधळ झाला."

बाबांनी श्वास सोडला. तो इतका लांब होता की तिला ऐकू आला. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर नर्सरीतला राग आला, आणि रागामागे सुटका.

"तुला कधी जमलंय का?" ते ओरडले. "पुस्तकांतल्या चुका काढणं वेगळं आणि हे वेगळं! दहा वर्षांची होतीस तेव्हापासून सांगतोय. काय सांगतोय? म्हण!"

"डोळ्याखाली देठ."

"मोठ्याने!"

"डोळ्याखाली देठ, बाबा."

"सरक."

ते बसले. त्यांनी तिच्या तिन्ही काड्या काढल्या, "डोळ्याखाली देठ, डोळ्याखाली देठ," असं पुटपुटत टोकं नव्याने तासली, आणि तिन्ही पुन्हा उलट बसवल्या. देठ वर, डोळा खाली. तिच्या हातात मेणाची डबी होती. ते हात पुढे करायचे, ती मेण द्यायची. ते हात पुढे करायचे, ती खिळा द्यायची. शेवटच्या खिळ्यावर बाबांनी तिच्या कापलेल्या बोटाकडे पाहिलं आणि मवाळ झाले. "जाऊ दे. फुंकर मार. चुकतं माणूस."

त्यानंतर ते रोज सकाळी खोडापाशी खुर्ची ठेवून बसत. ते झोपले की तिला काड्या पुन्हा फिरवता आल्या असत्या, पण दोनदा तासलेली टोकं आखूड झाली होती आणि चिरांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या होत्या. नवे फुटवेही झाडावर उरले नव्हते, चांगले होते तेवढे बाबांनी कापले होते. हे सगळं खरं होतं. आणि हेही खरं होतं की तो प्रश्न पुन्हा ऐकण्याची तिची छाती नव्हती.

तीन आठवड्यांनी सुतळी आला. बाबांनी त्याला खोडापाशी नेलं. "बघ. शिक काहीतरी. म्हातारा अजून मेलेला नाही."

सुतळी वाकला. तिने त्याच्या मानेकडे पाहिलं, मान एकदम ताठ झाली. त्याने एका काडीच्या देठावर बोट ठेवलं. मग उठून हात झटकत म्हणाला, "वा, बाबा. खिळा कुठे संपतो आणि साल कुठे सुरू होते ते कळत नाही."

"लागलंय ना?"

"लागलंय की."

"मग! जा आता, तुझी धंद्याची वेळ आहे."

फाटकाशी तो थांबला. "ताई..."

"माहीत आहे मला."

"मग मला लगेच का नाही बोलावलं? मी त्याच दिवशी येऊन..."

"ते विचारत होते, मी उलटं बसवलं का," ती म्हणाली. 

"आता साल सुटत नाही," तो म्हणाला. "मोसम गेला. दोन बारक्या काड्या देता का मला? माझ्याकडच्या दुसऱ्या रोपाच्या खुंटावर ह्यांचं कलम बांधून बघतो. झाड तेच राहील."

"वरचं तेच राहील."

"हो, खाली दुसरं. ते तर..."

"न्या," ती म्हणाली. त्याने ओल्या कापडात काड्या गुंडाळून नेल्या. त्या लागल्या की नाही हे तिने पुढे कधी विचारलं नाही.

झाड लिंबांनी लगडलं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून खोडापाशी आणत. "पूल बांधलेत मी. आता डबा पोचतो खाली, बघा पानं!" पानं खरंच हिरवीगार होती. शिंपीणकाकू पिशवीभर लिंबं घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "बाबांच्या हाताला जादू आहे गं. आणि स्वतः तरी किती छान दिसतात आताशा! रंग बघ चेहऱ्यावर." दिसत होते खरे. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, रक्त चांगलं, दाब चांगला, हृदय तरुण माणसाचं. धाकटा फोनवर म्हणाला, "म्हणजे सुधारणा आहे ना, ताई?" ती म्हणाली, "दिसायला आहे." त्याच आठवड्यात बाबांनी तिला विचारलं होतं, तुमचा मुक्काम किती दिवस?

वारे सुरू झाले तशी पानं आतल्या बाजूला वळायला लागली. एका दुपारी तिने खुरपीने बुंध्याजवळची माती उकरली. वरची बारीक मुळं धाग्यासारखी हातात आली, साल सुटलेली, तपकिरी. जाड मूळ तिने नखाने खरवडलं तर आत ओलसर काळं होतं आणि साठवणीत सडलेल्या बटाट्याचा वास आला. तिने आणखी एक पाहिलं. मग माती परत लोटली, हाताने दाबून सारखी केली, आणि सवयीने वर बादलीभर पाणी ओतलं. पाणी तिथेच साचून राहिलं.

पुढच्या आठवड्यात मोठा वारा सुटला. बाबा दारातून म्हणाले, "झाड हलतंय."

ते नुसतं हलत नव्हतं. बुंध्यापासून डुलत होतं, आणि प्रत्येक झोताबरोबर मातीला बुंध्याभोवती भेग पडत होती आणि मिटत होती. खालून धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. फांद्यांवर लिंबं तशीच पिवळी लटकली होती.

"आधार द्यायला हवा," बाबा म्हणाले. कोपऱ्यातून त्यांनी जुना लोखंडी पाइप ओढत आणला, खोडाजवळ ठोकला. चार घावांत सरळ. मग त्यांनी हात पुढे केला.

ती आत गेली. खुंटीवर आईची जुनी सुती ओढणी होती, झाड बांधायला लागतं तशी मऊ, रुंद. झाड बांधायचं ते कापडानं, आणि सैल, म्हणजे त्याला डुलता येतं आणि खोड स्वतःला सावरायला शिकतं; हेही बाबांनीच शिकवलेलं. ती ओढणी घेऊन बाहेर आली.

बाबांनी ओढणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ह्या बाईला काही कळत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "कापड कसलं आणता, बाई? तार आणा."

ती तिथेच उभी राहिली. वाऱ्याने दोन लिंबं खाली पडली. आता कशानेच काही बिघडणार नव्हतं. तिने ओढणी खांद्यावर टाकली, आत जाऊन फळीवरून तारेचं वेटोळं काढलं, पक्कड घेतली, आणि दोन्ही त्यांच्या हातात दिली.

बाबांनी तार पाइपाभोवती घेतली, मग खोडाभोवती. टोकं पकडीत धरून ते थांबले. काहीतरी त्यांना आठवायचं होतं. ते बराच वेळ त्या तारेकडे बघत राहिले.

"घट्ट बांधू की सैल?" त्यांनी विचारलं.

"घट्ट बांधा, बाबा," ती म्हणाली.

त्यांनी पक्कड आवळली आणि तीन पिळे मारले.